बाळ एनआयसीयूत असताना: औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंपासून त्याला कसं जपायचं

"बाळाला इन्फेक्शन आहे, हायर अँटिबायोटिक सुरू केलंय." एनआयसीयूच्या, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दाराशी हे वाक्य ऐकलं की घरच्यांना जरा हायसं वाटतं. भारी औषध मिळालं, आता बाळ सुटलं, असा समज होतो. पण ते भारी औषध लागतंय याचा अर्थ साध्या औषधांना न जुमानणारा जंतू असल्याची शंका डॉक्टरांना आहे, आणि असे जंतू बहुतेक वेळा वॉर्डातच मुक्काम ठोकून असतात. ते एका बाळाकडून दुसऱ्याकडे उडत जात नाहीत. हातांवरून, नळ्यांवरून, बाटल्यांवरून जातात. म्हणून या लढाईत आई-बाबांच्या हाती बरंच काही आहे. ते नेमकं काय, कोणत्या दिवशी, कोणाला काय विचारून करायचं, ते इथे क्रमाने सांगते. एक अट: औषध सुरू करणं, बदलणं, थांबवणं हे काम डॉक्टरांचंच. आपण विचारायचं, बघायचं आणि आपल्या वाट्याचं चोख करायचं.

हे जंतू येतात कुठून

दिल्लीतल्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात जन्मलेल्या बाळांचा मोठा अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात जंतू सापडले त्यांत अॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हे तिघे पुढे होते. अॅसिनेटोबॅक्टरचे सुमारे ८२ टक्के आणि क्लेबसिएलाचे सुमारे ५४ टक्के नमुने एकाच वेळी अनेक गटांच्या औषधांना दाद देत नव्हते. रक्तात जंतू सापडलेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दगावली.

त्यातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. एकूण संसर्गांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश पहिल्या ७२ तासांतच झाले होते. पुस्तकात शिकवतात की पहिल्या तीन दिवसांतला संसर्ग आईकडून, जन्ममार्गातून येतो. इथे मात्र पहिल्या तीन दिवसांत सापडलेले जंतू आणि नंतर वॉर्डात सापडणारे जंतू जवळपास सारखेच होते. म्हणजे लेबर रूममधलं टेबल, तोंड साफ करायची सक्शनची नळी, बाळाला ऊब देणारा वॉर्मर, बाळाला पहिल्यांदा उचलणारे हात, यांच्याकडेही बोट जातं.

याच्याशेजारी गडचिरोलीचं चित्र ठेवून बघा. तिथे 'सर्च' या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांना त्यांनी घरी जाऊन जेंटामायसिनची इंजेक्शनं आणि कोट्रायमोक्झाझोलचं सिरप दिलं आणि बालमृत्यू झपाट्याने खाली आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला. साध्या, स्वस्त औषधांवर गावातली बाळं वाचत होती. मोठ्या शहरातल्या भरलेल्या वॉर्डात आज तीच औषधं बऱ्याचदा तोकडी पडतात. शेतात दर हंगामाला एकच तणनाशक मारलं की शेवटी न मरणारं तणच उरतं, तसं वॉर्डात होतं. शिवाय हे जंतू औषध निकामी करणारी जनुकं एकमेकांना देऊ शकतात, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही.

पहिली पायरी: दाराशी, हात

पहिल्यांदा आत जाताना कोपरापर्यंत साबणाने दोन मिनिटं धुवायचं. तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांखाली, मनगट. नंतर दर वेळी बाळाला हात लावण्याआधी सॅनिटायझर, वीस ते तीस सेकंद, हात आपोआप सुकेपर्यंत. फुंकर मारायची नाही, पदराला पुसायचं नाही. लोक धुतात व्यवस्थित, पण धुतल्यावर खिशातला मोबाइल काढून बाळाचा फोटो घेतात, मास्क वर करतात, बाळाच्या काचेच्या पेटीच्या खिडकीची कडी धरतात आणि त्याच हाताने बाळाच्या तोंडाला स्पर्श करतात. मोबाइल बाहेर ठेवा. बाळ आणि हात यांच्यामध्ये दुसऱ्या कशालाही स्पर्श झाला, तर हात परत स्वच्छ करा.

आता बांगड्यांचं. सातव्या महिन्यात भरलेला हिरवा चुडा बाळंतिणीच्या हातात असतो, आणि तो काढायला सांगितला की सासूबाईंचा चेहरा उतरतो. कोणी बांगड्या वाढवायला सांगत नाही, भेटीपुरत्या काढून ठेवायच्या. काचेच्या डझनभर बांगड्यांखाली साबण पोचत नाही, पाणी मात्र साचतं, आणि क्लेबसिएलासारख्या जंतूंना ओल फार आवडते. अंगठी, घड्याळ, मनगटावरचा गंडा यांचंही तेच. बाहीसुद्धा कोपराच्या वर हवी. एक स्वच्छ पुरचुंडी किंवा छोटा डबा सोबत ठेवा, दाराशी सगळं त्यात टाका, बाहेर आलात की घाला. घरच्या मोठ्यांना आधीच समजावून ठेवलं तर दाराशी वाद होत नाही.

अंगारा पेटीत न्यायचा नाही, आईच्या कपाळी लावा. काळा दोरा, करगोटा, काजळ, मध, घुटी, टाळूवर घरचं तेल: यांपैकी काहीही आत नको. सर्दी-खोकला, जुलाब, हातावर गळू किंवा चिघळलेली जखम असेल तर त्या दिवशी आत जाऊ नका, सिस्टरला सांगा. पाहुण्यांना पाचवीच्या निमित्तानेही आणू नका.

दुसरी पायरी: पहिल्या सहा तासांत दूध

बाळ वर एनआयसीयूत, आई खाली बाळंतिणींच्या वॉर्डात, आणि "बाळ अजून पीत नाही, दूध कशाला काढायचं?" असं म्हणत दोन दिवस जातात. हे दोन दिवस पुन्हा मिळत नाहीत. शक्य असेल तर पहिल्या तासातच, नाहीतर सहा तासांच्या आत हाताने दूध काढायला सुरुवात करा. सिझेरियन झालं असेल तर कुशीवर वळून, दुसऱ्या कोणाच्या मदतीने. पहिल्या दिवशी चमचाभरही येत नाही, काही थेंबच येतात. तो चीक वाया घालवायचा नाही. पोटात दूध सुरू झालं नसलं तरी तो बाळाच्या गालाच्या आत लावता येतो का, हे डॉक्टरांना विचारा. त्यात जंतूंना आतड्याला चिकटू न देणारी प्रतिपिंडं असतात, आणि लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन असतं, जे जंतूंना लागणारं लोह पळवतं.

दिवस-रात्र मिळून आठ ते दहा वेळा दूध काढा. रात्रीचं एक तरी काढणं चुकवू नका. वाटी स्टीलची, दहा मिनिटं खळखळ उकळलेली. बोंडलं किंवा चमचाही तसाच. वॉर्डातला सामाईक ब्रेस्ट पंप असेल, तर तो दर वेळी सुटा करून निर्जंतुक होतो का ते विचारा, खात्री नसेल तर हातच बरा. भांड्यावर आईचं नाव, तारीख, वेळ लिहा. बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चोवीस तास हा साधारण हिशेब, पण तुमच्या युनिटचा नियम वेगळा असेल तर तो पाळा.

आईचं दूध पुरत नसेल, तर पावडरच्या आधी मिल्क बँकेची चौकशी करा. आशियातली पहिली मिल्क बँक मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली, आणि आता महाराष्ट्रात अनेक ठिकाणी अशी सोय आहे. पावडरचा डबा सीलबंद असला तरी निर्जंतुक नसतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

तिसरी पायरी: छातीशी

कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं, हा बाळ जरा सुधारल्यावर करायचा लाड, असा समज बऱ्याच डॉक्टरांचाही होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने तो मोडला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत तो झाला, आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतली तीन हजारांवर बाळं त्यात होती. अर्ध्या बाळांना जन्मानंतर लगेच, तब्येत स्थिर व्हायची वाट न पाहता, आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या छातीशी ठेवलं, दिवसाला सरासरी सतराच्या आसपास तास. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. जंतुसंसर्गाची शंकाही कमी बाळांत आली.

कारण सरळ आहे. बाळाच्या कातडीवर आणि आतड्यात कोणीतरी जंतू वस्ती करणारच. ती वस्ती आईच्या अंगावरच्या निरुपद्रवी जंतूंनी आधी केली, तर वॉर्डातल्यांना जागा कमी उरते. शिवाय आई जवळ असली की बाळाला इतर हात कमी लागतात.

म्हणून डॉक्टरांना विचारा: "बाळाला छातीशी कधीपासून घेता येईल?" ऑक्सिजन किंवा सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र) लावलेलं असलं तरी अनेक ठिकाणी घेऊ देतात. रोज अंघोळ, पुढून उघडणारा धुतलेला गाऊन, अंगाला पावडर-अत्तर-तेल नाही. बाबांची छातीही चालते. आई थकली की पाळी बदला.

चौथी पायरी: कल्चर

बाळ मलूल झालं, दूध पचेना, श्वास मधेच थांबायला लागला, अंग गार पडलं, की डॉक्टर इन्फेक्शनची शंका घेतात. इथे एक प्रश्न सगळ्यांत मोलाचा: "पहिला डोस द्यायच्या आधी ब्लड कल्चर गेलं ना?" कल्चर म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू उगवतो का ते बघणारी तपासणी. औषध आधी गेलं आणि रक्त नंतर, तर जंतू असूनही बाटलीत न उगवण्याची शक्यता वाढते. मग कोणता जंतू आणि कोणतं औषध हे अंदाजावरच राहतं.

कल्चरसाठी निदान एक मिलिलिटर रक्त लागतं. "एवढंसं बाळ, आणि किती रक्त काढता!" असं म्हणून सिस्टरला अडवू नका. कमी रक्तात जंतू सुटून जातो आणि खोटा दिलासा मिळतो. बाटली मशीनमध्ये जाते आणि बहुतेक खरे जंतू चोवीस ते छत्तीस तासांत उगवल्याची खूण देतात. नाव आणि औषधांची यादी यायला आणखी एक-दोन दिवस.

तेव्हा दुसरा प्रश्न, ४८ तासांनी: "कल्चरमध्ये काही उगवलं का? नसेल तर अँटिबायोटिक थांबवायचा विचार आहे का?" हा प्रश्न विचारायला लोक कचरतात. उलट "डॉक्टर, कोर्स पूर्णच करा" असा आग्रह धरतात. संसर्ग सिद्ध झाला असेल तर कोर्स पूर्ण व्हायलाच हवा. पण कल्चर कोरं, बाळ तरतरीत, सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) वाढत नाही, अशा वेळी लांबवलेलं औषध नुकसान करतं. फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या अभ्यासांत, कल्चर कोरं असूनही सुरुवातीला पाच किंवा जास्त दिवस अँटिबायोटिक चाललेल्यांमध्ये आतडं सुजून सडण्याचा आजार आणि मृत्यू जास्त दिसले. बाळ आजारीच दिसत असेल, तर कोऱ्या कल्चरवरही डॉक्टर पाच-सात दिवस औषध देतील, आणि ते बरोबरच असतं. एकट्या सीआरपीवर मात्र विसंबू नये. तो उशिरा वाढतो आणि इतर कारणांनीही वाढतो.

पाचवी पायरी: रिपोर्ट वाचणं

रिपोर्टची प्रत किंवा फोटो मागून घ्या. वर नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ असते, ती औषध सुरू झाल्याच्या वेळेशी ताडून बघा. खाली जंतूचं नाव. त्याखाली औषधांची यादी, प्रत्येकापुढे एस, आय किंवा आर. एस म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो, आर म्हणजे देत नाही, आय मधलं. 'कोअॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस' असं नाव आलं तर घाबरण्याआधी विचारा. तो कातडीवर नेहमी असणारा जंतू, कधी रक्त घेताना सुईबरोबर बाटलीत जातो, तर कधी नळी असलेल्या नाजूक बाळात खरा आजारही करतो.

मेरोपेनेमसारखं भारी औषध चालू आहे आणि रिपोर्टमध्ये अमिकासिनपुढे एस आहे, म्हणून डॉक्टरांनी साध्या औषधावर आणलं, तर "पैसे वाचवताय का?" असं म्हणू नका. चांगलं युनिट असंच करतं. उलट भारी औषध तसंच चालू राहिलं, तर कारण विचारा. जंतू जवळपास सगळ्यांनाच आर दाखवत असेल तर कोलिस्टिन या अगदी शेवटच्या औषधाची वेळ येते. ते मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं, म्हणून लघवी किती होते आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती आहे हे रोज विचारत जा.

आणि पाठीतलं पाणी, म्हणजे सुईने ते काढून तपासणं. घरचे सर्वांत जास्त नकार इथे देतात, 'पाठीत सुई दिली की बाळ लुळं पडतं' या भीतीने. सुई पाठीच्या कण्याच्या खालच्या भागात जाते, मज्जारज्जू तिथपर्यंत पोचत नाही. ती तपासणी का हवी? रक्तात जंतू असलेल्याला साधारण दहा ते चौदा दिवस औषध लागतं, पण क्लेबसिएलासारखा जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेला असेल तर निदान तीन आठवडे, आणि औषधही तिथे पोचणारं हवं. तपासणी नाकारली तर अर्धवट उपचाराचा धोका राहतो.

सहावी पायरी: डोळे उघडे

पेटीशेजारी बसलेल्या आईला बरंच दिसतं. सलाइनच्या बाटलीच्या रबरी बुचात सुई खोचून ठेवलेली आहे, आणि जी येते ती सिस्टर त्याच सुईतून सिरिंज भरून वेगवेगळ्या बाळांच्या लाइनमध्ये सोडते आहे: हे दिसलं तर गप्प बसू नका. एका बाटलीत जंतू शिरला की ओळीतल्या सगळ्या बाळांना जातो. रागावून नको, "सिस्टर, ही बाटली आमच्याच बाळाची का? आम्ही वेगळी आणून देऊ का?" असं विचारा. स्टेथोस्कोप आणि थर्मामीटर बाळाचं स्वतंत्र असावं.

बेसिनकडेही लक्ष द्या. उरलेलं दूध त्यात ओतू नका, बाटल्या तिथे वाळत घालू नका. २०१२ मध्ये बेलफास्टच्या एका प्रसूती रुग्णालयात स्यूडोमोनास जंतूने तीन नवजात बाळं दगावली, आणि माग नळांपर्यंत गेला. श्रीमंत देशातही हे होतं.

रोज एकदा विचारा: "ही नाळेतली लाइन अजून लागते का?" गरज संपलेली प्रत्येक नळी म्हणजे जंतूला उघडं दार. सुईच्या जागी लाली, सूज किंवा पू दिसला तर लगेच दाखवा.

सिस्टरवर डाफरू नका, हे मात्र मनापासून सांगते. कागदावर तीन-चार बाळांमागे एक सिस्टर असते, प्रत्यक्षात रात्रपाळीला किती असतात ते तुम्हीच मोजा. एका वॉर्मरवर दोन बाळं ठेवावी लागतात, तेव्हा दोष तिचा नसतो. अशा वेळी "आमच्या बाळाचं लंगोट बदलायचं काम मी करू का?" असं विचारलेलं जास्त उपयोगी पडतं.

दुसऱ्या रुग्णालयात हलवताना

चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या: कोणतं अँटिबायोटिक, कोणत्या तारखेला किती वाजता सुरू झालं, कल्चर पाठवलं का आणि कोणत्या लॅबला, कोणत्या नळ्या घातल्या. पहिल्या ठिकाणच्या लॅबचा फोन नंबर घ्या, कारण रिपोर्ट तुम्ही निघाल्यावर येतो आणि तिथेच पडून राहतो. सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजाताचे उपचार, औषधं आणि नेणं-आणणं मोफत आहे. खासगीत असाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

नव्या ठिकाणी बाळाला काही दिवस वेगळ्या कोपऱ्यात ठेवतील, गुदद्वाराचा स्वॅब घेतील. स्वॅब 'पॉझिटिव्ह' आला म्हणजे बाळ आजारी आहे असं नाही. जंतू आतड्यात नुसता बसलेला आहे. त्यावर औषध देत नाहीत, फक्त तो शेजारच्या बाळाकडे जाऊ नये म्हणून गाऊन, ग्लोव्ह्ज आणि वेगळी जागा. वाळीत टाकल्यासारखं वाटून घेऊ नका, दूध आणि छातीशी घेणं चालूच ठेवा.

घरी आल्यावर

आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतील, त्यांना बाळ पूर्ण उघडून दाखवा. बारशाची गर्दी थोडी लांबवा. शिंक आली, शी पातळ झाली म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिकचं सिरप आणू नका.

पुढचं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा: दूध ओढणं कमी किंवा बंद, हलवल्याशिवाय हालचाल नाही, झटके, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, ताप ३७.५ अंश सेल्सिअस किंवा वर, अंग ३५.५ च्या खाली गार. नाळेभोवतीची लाली पोटावर पसरत असेल किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तरीही लगेच निघा.

निघताना फाइलमधला जुना कल्चर रिपोर्ट बरोबर घ्या, आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांच्या हातात सगळ्यांत आधी तोच द्या. वॉर्डातून आलेला जंतू बाळाच्या आतड्यात महिनोन्‌महिने राहू शकतो. पहिला डोस कोणत्या औषधाचा द्यायचा हे त्या कागदामुळे बदलू शकतं.